मटेरियल बदललं म्हणून पेटंट मिळेल का? अर्जाआधी घरीच तपासून बघण्याची पद्धत

मिरजेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. रसवंतीचे चरक दुरुस्त करता करता आम्ही ते बनवायलाही लागलो. चरकाच्या रुळांचे दांडे गनमेटलच्या बुशात, म्हणजे दांड्याभोवतीच्या नळीसारख्या भागात, फिरतात आणि बुशाला ग्रीस लागतं. एप्रिलच्या दुपारी चरक तापला की ग्रीस पातळ होतं आणि रसाच्या ट्रेच्या कडेला काळी रेघ धरते. रसवंतीवाले ती फडक्याने पुसत राहतात. ती रेघ मला फार खटकायची, म्हणून आम्ही बुश प्लास्टिकचे करून बघितले.

पहिले बुश नायलॉनचे होते. रात्री चरक धुऊन ठेवला आणि सकाळी रूळ जागचा हलेना. बुश ठोकून बाहेर काढला तर भोक बारीक झालेलं, कारण नायलॉन पाणी पिऊन फुगला होता. मग ॲसिटल घेतलं, बाजारात ज्याला बरेच जण डेलरिन म्हणतात ते. ते चाललं. एक अख्खा हंगाम बिनग्रीसचा गेला. आम्ही पेटंटचा अर्ज केला आणि दाव्यात, म्हणजे आपला हक्क नेमका कशावर ते सांगणाऱ्या वाक्यात, लिहिलं, ‘ॲसिटलचे बुश असलेला उसाचा चरक’.

परीक्षण अहवालात हरकत आली: हा बदल उघड आहे, यात कल्पकतेची पायरी नाही. आम्ही उत्तर दिलं, सुनावणी झाली, अर्ज नामंजूर झाला. तेव्हा वाईट वाटलं. पुढे अहवालात दाखवलेले तीन जुने दस्तऐवज मी शब्द न् शब्द वाचून काढले आणि लक्षात आलं की हरकत बरोबर होती. ते दस्तऐवज अर्ज करण्याआधी मलाही सापडले असते. कुठे आणि कसं शोधायचं एवढंच मला माहीत नव्हतं.

मी वकील नाही, पेटंट एजंटही नाही. दावे लिहायला नोंदणीकृत एजंट घ्याच. पण आपण निवडलेलं मटेरियल उघड आहे की नाही, याची पहिली पारख तुम्हीच करायला हवी. त्या मटेरियलशी झटापट तुम्ही केलेली असते, एजंटने नाही.

आधी हे जवळ ठेवा

- पानांवर आकडे टाकलेली, शिवलेली वही. सुटे कागद नकोत. रोज तारीख आणि सही.
- फसलेले नमुने. प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी बांधून पिशवीत.
- वापरलेल्या प्रत्येक मटेरियलचं कंपनीचं माहितीपत्रक, ग्रेडच्या नावासह. नुसतं ‘पांढरं प्लास्टिक’ किंवा ‘स्टील’ लिहून भागत नाही.
- खरेदीची बिलं आणि चाचणीचे अहवाल.
- इंटरनेट असलेला संगणक. शोधासाठी गूगल पेटंट्स, युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप आणि भारतीय कार्यालयाचं इनपास. चारही फुकट आहेत.

१. बदल एका वाक्यात लिहा

वाक्यात तीन गोष्टी हव्यात: आधी काय होतं, तुम्ही काय केलं, आणि त्यामुळे कुठली अडचण सुटली. आमचं वाक्य असं होतं: ‘गनमेटलच्या बुशाऐवजी ॲसिटलचा बुश बसवला, त्यामुळे ग्रीस लागत नाही आणि रस खराब होत नाही.’

आता मटेरियलच्या नावावर बोट ठेवून वाक्य पुन्हा वाचा. ते नाव काढून ‘ग्रीसशिवाय चालणारं, पाणी न पिणारं प्लास्टिक’ असं लिहिलं, तर तुमच्या धंद्यातला माणूस काय म्हणेल? तो लगेच ‘मग ॲसिटल लाव की’ म्हणाला, तर तुमचा शोध अडचणीत आहे. मी ही परीक्षा आमच्या लेथवरच्या मामांवर केली, पण अर्ज नामंजूर झाल्यानंतर. त्यांनी डोकं वर न काढता तेच उत्तर दिलं.

२. ‘जाणता माणूस’ कोण ते ठरवा

पेटंट कायदा १९७० च्या कलम २(१)(जेए) मध्ये कल्पकतेच्या पायरीची व्याख्या आहे. शोधात आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि त्या वैशिष्ट्यामुळे शोध त्या क्षेत्रातल्या जाणत्या माणसाला उघड वाटणारा नसावा. सगळं वजन या ‘आणि’वर आहे. ‘आमचा माल तीस टक्के स्वस्त पडतो’ एवढ्यावर पुष्कळजण विसंबतात. स्वस्त पडणं हे पहिल्या अर्ध्या भागात बसतं. दुसरा अर्धा भाग तरीही सिद्ध करावाच लागतो.

हा जाणता माणूस कल्पित असतो. त्याने त्या क्षेत्रातलं प्रसिद्ध झालेलं सगळं वाचलेलं असतं, नेहमीच्या चाचण्या त्याला येतात, पण तो प्रतिभावान नसतो. मुलांनो, इथे एक चूक नेहमी होते: आपण त्या जागी रसवंतीवाल्याला उभं करतो. त्याला ॲसिटल माहीत नसतं, म्हणून आपल्याला आपला शोध फार मोठा वाटतो. चरकाच्या बुशाचा जाणता माणूस म्हणजे बेअरिंग आणि प्लास्टिक या दोन्हींची साधारण माहिती असलेला मेकॅनिकल इंजिनिअर. त्याच्या टेबलावर प्लास्टिकच्या गुणधर्मांचे तक्ते असतात. पाण्यात पूर्ण मुरलेला नायलॉन-६ वजनाच्या जवळपास ९ टक्के पाणी धरतो आणि ॲसिटल एका टक्क्याच्या आसपास थांबतं, हे त्याला आपला चरक न बघताच माहीत असतं.

मला हे कळायला एक हंगाम आणि एक अडकलेला चरक लागला. पण मी ते कष्टाने शिकलो म्हणून ते नवं ठरत नाही.

३. शोध घ्या, पण मटेरियलच्या नावाने नाही

आम्ही ‘शुगरकेन क्रशर ॲसिटल बुश’ असं टाकून शोधलं होतं. काहीच सापडलं नाही आणि आम्हाला आनंद झाला. ही सगळ्यात मोठी चकवणारी जागा आहे. शोध अडचणीच्या नावाने घ्या. आमची अडचण होती ‘ओल्या जागी, खाण्याच्या पदार्थाजवळ, ग्रीसशिवाय फिरणारा दांडा’. या शब्दांनी शोधलं की पाण्याचे पंप निघतात, दुधाच्या डेअरीची यंत्रं निघतात, वॉशिंग मशीन निघतात.

जहाजंसुद्धा निघतात. बुशाला आतून खाचा पाडल्या की रसाचा पातळ थरच वंगणाचं काम करतो, हे आम्हाला दिसलं होतं आणि ही सूझ फक्त आमची असं वाटत होतं. प्रत्यक्षात १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन पेन यांनी आगबोटीच्या पंख्याच्या दांड्यासाठी लिग्नम व्हिटे नावाच्या जड, चिकट लाकडाच्या पट्ट्यांचं बेअरिंग आणलं. त्यात समुद्राचं पाणीच वंगण असायचं. चरक कुठे आणि आगबोट कुठे, असं आपण म्हणू. परीक्षक म्हणेल की अडचण एकच आहे, ओल्यात फिरणारा दांडा, आणि ती सोडवणारा माणूस तिकडे बघणारच.

शब्दांनी शोधून झालं की वर्गांकनाने शोधा. पेटंटचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण असतं आणि प्रत्येक दस्तऐवजावर त्याचा क्रमांक छापलेला असतो. घसरत्या बेअरिंगचे भाग ‘एफ १६ सी ३३’ मध्ये येतात. एखादा जवळचा दस्तऐवज सापडला की त्यावरचा क्रमांक घ्या आणि तोच टाकून पुन्हा शोधा. भाषेची अडचण इथे राहत नाही, जपानी आणि जर्मन पेटंटही वर येतात.

पेटंटखेरीज हेही बघा: कंपन्यांची माहितीपत्रकं, हँडबुकं, जुने शोधनिबंध आणि भारतात आधीपासून चालत आलेला वापर. शेवटचं विसरू नका. कलम २५(१)(ई) खाली कुणीही हरकत घेताना ‘भारतात हे आधीच वापरात होतं’ असं म्हणू शकतो.

स्वतःचा व्हिडिओही तुमच्याविरुद्ध जातो. अर्जाआधी चरक चालवून दाखवलात, रील टाकलीत, शेतीच्या प्रदर्शनात मांडलात, तर ते सगळं तुमच्याच विरुद्ध पूर्वज्ञान, म्हणजे अर्जाआधीच लोकांना माहीत असलेली गोष्ट, ठरू शकतं. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांसारख्या ठरावीक प्रसंगांपुरतीच. तालुक्याच्या जत्रेला ती लागू नाही. माझा दुसरा अर्ज दाखल झाला आहे, पण तो अजून प्रसिद्ध व्हायचा आहे, म्हणून त्यातलं मटेरियल मी इथे सांगत नाही.

४. फरक कागदावर मांडा

दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रोश विरुद्ध सिप्ला खटल्यात (नोव्हेंबर २०१५) ही पारख पाच पायऱ्यांत सांगितली आहे: जाणता माणूस ओळखा, शोधाचा गाभा ओळखा, अर्जाच्या तारखेला त्या माणसाकडे किती सर्वसाधारण ज्ञान होतं ते ठरवा, पूर्वज्ञान आणि शोध यांतले फरक मांडा, आणि मग, शोध माहीत नसल्यासारखं समजून, ते फरक त्याला उघड वाटले असते का ते बघा.

वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे सगळ्यात जवळचा जुना दस्तऐवज, उजवीकडे तुमची वस्तू. एकेक भाग ओळीने लिहा. आमच्या पानावर सात ओळी झाल्या आणि सहा ओळींत दोन्हीकडे तेच होतं. एकाच ओळीत डावीकडे ‘गनमेटल’ आणि उजवीकडे ‘ॲसिटल’. असं एकाच ओळीचं अंतर उरलं की घाबरू नका, पण पुढची पायरी नीट करा, कारण आता सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

५. खरा प्रश्न विचारा: हेच मटेरियल त्याने का उचललं असतं?

इथे जुने निकाल वाचण्यासारखे आहेत. परदेशातले निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण मटेरियल बदलण्याचा प्रश्न तिथे दीडशेहून जास्त वर्षं घासून निघाला आहे आणि त्यातला तर्क आपल्याला कामी येतो.

सगळ्यात जुनी गोष्ट दाराच्या मुठीची. हॉचकिस आणि त्याच्या साथीदारांना १८४१ मध्ये अमेरिकेत चिनी मातीच्या मुठीचं पेटंट मिळालं. मुठीच्या आत वर निमुळता, तळाशी रुंद खळगा ठेवायचा, त्यात दांडा बसवायचा, की मूठ निसटत नाही. लाकडाच्या आणि धातूच्या मुठी अशाच बसवायची पद्धत आधीपासून होती. मातीच्या मुठीही होत्या. नवं होतं ते दोघांना एकत्र आणणं. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८५१ मध्ये निकाल लागला: मूठ चांगली असेल, स्वस्तही असेल, पण चांगलं मटेरियल निवडणं हे कुशल कारागिराचं काम आहे, शोधकाचं नाही. एका न्यायमूर्तींचं मत मात्र उलट होतं. वस्तू अधिक चांगली आणि स्वस्त झाली असेल तर ते पुरेसं मानावं, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचं म्हणणं मनापासून पटतं, पण कायदा त्या वाटेने गेला नाही. अर्ज करताना आपल्याला कायद्याची वाट धरावी लागते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये हाच सूर लावला, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात. वाद मिर्झापूरच्या धातूच्या भांड्यांचा होता, लेथवर भांडं पकडण्याच्या पद्धतीचा. न्यायालय म्हणालं की वर्कशॉपमधली साधी सुधारणा पेटंटला पुरत नाही. लेथवर उभं आयुष्य काढलेल्यांनी हा निकाल वाचावा. आपल्या रोजच्या हुशारीला कायदा कुठे ठेवतो ते त्यातून स्वच्छ कळतं.

तिसरा निकाल छपाईच्या शाईचा, अमेरिका, १९४५. साध्या तापमानाला सुकणार नाही पण गरम केल्यावर लगेच सुकेल अशी शाई हवी होती. शोधकाने द्रावकांच्या यादीत बाष्पदाबाचे आकडे बघून एक द्रावक निवडला. न्यायालयाने म्हटलं की गरज माहीत, गुणधर्म यादीत छापलेले, मग त्यातून एक निवडणं म्हणजे चित्रकोड्याच्या शेवटच्या मोकळ्या जागेत शेवटचा तुकडा बसवणं. आमचा ॲसिटल हा हुबेहूब तो शेवटचा तुकडा होता. ‘पाणी कमी पितो, घर्षण कमी, ग्रीस लागत नाही’ हे सगळं माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर होतं.

मग मटेरियल बदलून पेटंट मिळतच नाही का? मिळतं. दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं कवळीचं. जॉन कमिंग्ज यांनी दातांची पट्टी सोन्याऐवजी कडक रबराची, म्हणजे व्हल्कनाइटची केली. विरोधक म्हणाले, फक्त मटेरियल बदललं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये ते मान्य केलं नाही. रबर मऊ असताना दात त्यात रोवून मग तापवून कडक केलं की पट्टी आणि दात एकजीव होतात, तोंडाला बरोबर बसतात, वस्तू हलकी आणि लवचीक होते. सोन्याच्या जागी रबर ठेवून हे आपोआप घडत नाही. मटेरियलबरोबर बनवण्याची रीत बदलली आणि वस्तूचं वागणंही बदललं.

दुसरं बॅटरीचं, आणि मला ते सगळ्यात शिकवणारं वाटतं. बर्ट ॲडम्स यांनी मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड वापरून नुसत्या पाण्यावर चालू होणारी बॅटरी केली. पेटंट १९४३ चं. दोन्ही पदार्थ आधीपासून माहीत होते. पण त्या काळचं ज्ञान काय सांगत होतं? पाण्याने चालू होणारी बॅटरी उपयोगाची नाही, आणि मॅग्नेशियमबरोबर अशी रचना केली तर नुकसानच. लष्कराच्या तज्ज्ञांचा आधी विश्वासच बसला नाही. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंट टिकवलं, कारण जुनी माहिती जाणत्या माणसाला या निवडीपासून मागे ओढत होती.

म्हणून वहीत हा प्रश्न मोठ्या अक्षरात लिहा: माझ्या मटेरियलकडे जाताना त्या माणसाला कुणी हात धरून नेलं असतं, की कुणी अडवलं असतं? माहितीपत्रक, हँडबुक, जुनं पेटंट हात धरून नेत असेल तर निवड उघड. तीच कागदपत्रं ‘इथे हे वापरू नका’ म्हणत असतील आणि तुम्ही वापरून ते चाललं असेल, तर तो कागद जपून ठेवा. तुमच्याजवळचा सगळ्यात मोठा पुरावा तो आहे.

आणखी एक बघा: त्याच्यासमोर पर्याय किती होते? चार-पाचच ठरलेले पर्याय आणि प्रत्येकाचा परिणाम आधी सांगता येण्यासारखा, तर त्यातला एक करून बघणं साधं काम ठरतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या केएसआर निकालात हेच स्पष्ट केलं. पर्याय शेकडो असतील आणि कुठला चालेल याचा काही अंदाजच नसेल, तर गोष्ट वेगळी.

६. अनपेक्षित काय घडलं ते मोजा

‘चांगलं चालतं’ हे मोजमाप नाही. आणि तुलना कुणाशी करता तेही महत्त्वाचं. आम्ही ॲसिटलची तुलना गनमेटलशी केली होती. खरी तुलना व्हायला हवी होती सगळ्यात जवळच्या जुन्या पर्यायाशी, म्हणजे पंपात आधीच वापरात असलेल्या प्लास्टिकच्या बुशाशी. ती केली असती तर आकड्यांत फरकच नाही हे दिसलं असतं आणि अर्जाचे पैसे वाचले असते.

चाचणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. मटेरियल बदललं, त्याच वेळी क्लिअरन्सही (दांडा आणि बुश यांतली फट) बदलला, तर फायदा कशामुळे झाला ते सांगता येत नाही. आम्ही आता प्रत्येक बुशाचं भोक सकाळी, दुपारी आणि धुतल्यानंतर बोअर गेजने तीन जागी मोजतो, खोलीचं तापमान लिहितो आणि प्रत्येक मटेरियलचे निदान तीन नमुने घेतो. एका नमुन्याच्या निकालावर कुणी विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये.

अपेक्षेपेक्षा *थोडं* जास्त आणि अपेक्षेपेक्षा *वेगळं* यांत फरक करा. गुळगुळीत मटेरियल लावल्यावर झीज कमी झाली हे अपेक्षित आहे. मऊ मटेरियल लावल्यावर झीज कमी झाली, तर कारण शोधा. तिथे काहीतरी आहे.

७. कलम ३ ची गाळणी

कल्पकतेच्या पायरीच्या आधीच काही अर्ज इथे अडतात. मटेरियलवाल्यांनी तीन पोटकलमं वाचावीत. ३(डी): माहीत असलेल्या पदार्थाचा नवा गुणधर्म किंवा नवा उपयोग नुसता शोधून काढणं हा शोध नाही. याच पोटकलमावर २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या कर्करोगावरच्या औषधाचा अर्ज नाकारला होता. ३(ई): दोन पदार्थ मिसळले आणि दोघांचे गुण फक्त बेरजेने आले, तर ते मिश्रण चालत नाही, बेरजेपेक्षा जास्त काहीतरी दाखवावं लागतं. ३(एफ): माहीत असलेली साधनं शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनं काम करतंय, तर तेही नाही.

‘ॲसिटलचा चरकासाठी उपयोग’ असं लिहिलं की ३(डी) दारातच उभं असतं. दावा उपयोगाचा करू नका, यंत्राचा किंवा पद्धतीचा करा.

८. दावे लिहिताना

नुसतं मटेरियलचं नाव दाव्यात ठेवू नका. त्या मटेरियलमुळे रचनेत काय बदलावं लागलं ते शोधा: भिंतीची जाडी, खाचांची दिशा, क्लिअरन्स, बसवण्याची रीत. मटेरियल आणि रचना मिळून जो परिणाम होतो तिथे पाय टेकायला जागा असते.

तपशीलपत्रात, म्हणजे शोधाचं वर्णन आणि दावे असलेल्या कागदात, मागे सरकायच्या जागा (हरकत आल्यावर दावा अरुंद करायला कामी येतील असे तपशील) आधीच लिहून ठेवा. कलम ५९ प्रमाणे नंतर दुरुस्ती करताना मूळ अर्जात नसलेलं काहीही घालता येत नाही. आमच्या पहिल्या अर्जात खाचांचा एक शब्दही नव्हता, म्हणून हरकत आल्यावर सरकायला जागाच उरली नाही. फसलेले प्रयत्नही लिहा. नायलॉन फुगून चरक अडकला ही गोष्ट आम्ही लाजेने लिहिली नव्हती.

९. अर्ज, फॉर्म, तारखा

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी मुंबईचं कार्यालय, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. अर्ज ऑनलाइन होतो.

- फॉर्म १ (अर्ज), फॉर्म २ (तपशीलपत्र), फॉर्म ३ (परदेशातल्या अर्जांची माहिती), फॉर्म ५ (शोधक कोण याची घोषणा).
- एजंट असल्यास फॉर्म २६. लघुउद्योग म्हणून शुल्क सवलत हवी असल्यास फॉर्म २८, सोबत उद्यम नोंदणी.
- परीक्षणाची विनंती फॉर्म १८. ही वेगळी करावी लागते, आपोआप होत नाही. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना मुदत अग्रक्रम तारखेपासून (त्या शोधाचा पहिला अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून) ३१ महिने. तारीख चुकली तर अर्ज मागे घेतला असं धरतात.
- स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये, फॉर्म १८ चं ४,००० रुपये. ३० पानं किंवा १० दावे ओलांडले तर जादा. एजंटची फी वेगळी.

चाचण्या अपुऱ्या असतील तर तात्पुरतं तपशीलपत्र देऊन तारीख पकडता येते, मग पूर्ण तपशीलपत्राला १२ महिने मिळतात. ते १२ महिने सहाव्या पायरीतल्या मोजमापांसाठी वापरा.

१०. ‘उघड आहे’ अशी हरकत आली तर

उत्तराला सहा महिने असतात. पहिल्याच आठवड्यात उत्तर लिहायला बसू नका. दाखवलेले दस्तऐवज पूर्ण उतरवून घ्या आणि सारांशावर न थांबता सगळे वाचा. प्रत्येकासाठी तीन ओळी लिहा: यात काय आहे, काय नाही, आणि यातला माणूस दुसऱ्या दस्तऐवजाकडे का वळेल किंवा वळणार नाही. ‘चरकात हे कुणी वापरलं नव्हतं’ एवढंच लिहू नका. आम्ही तेच लिहिलं होतं. ते नावीन्याचं उत्तर झालं, उघडपणाचं नव्हे.

हरकतीत दस्तऐवजांचे नुसते क्रमांक असतील आणि ते जोडून तुमच्या शोधापर्यंत कसं पोचायचं याचं कारणच दिलं नसेल, तर ते नम्रपणे दाखवून द्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ च्या ॲग्रीबोर्ड निकालात सांगितलं आहे की नियंत्रकाने (अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने) पूर्वज्ञान काय, अर्जातला शोध काय, आणि जाणत्या माणसाला तो उघड कसा, या तिन्हींचा विचार आदेशात दाखवायला हवा.

सुनावणीला फसलेला बुश, त्याचं मोजमाप आणि ‘हे वापरू नका’ म्हणणारा कागद यांची माहिती हाताशी ठेवा. सुनावणीनंतर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवस मिळतात; त्यात तोंडी मांडलेला प्रत्येक मुद्दा पान क्रमांकासह घाला. अर्ज नामंजूर झाला तर कलम ११७अ खाली तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. आम्ही ते केलं नाही. दुभागलेलं ते पान समोर ठेवून दोन रात्री बसलो आणि सातव्या ओळीत काय बदलता येईल ते शोधायला लागलो.